आधी कुंडी उपडी करा

वाचकांचे प्रश्न : कीड, मुळांचे रोग आणि वनस्पतिजन्य औषधं

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. झाडाला काय झालंय ते दोन ओळींत उरकलेलं असतं आणि काय काय घालून झालं त्याची यादी मात्र पानभर. माझी नोकरी प्रयोगशाळेत रोगट मुळं धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यात गेली, त्यामुळे माझी सवय उलटी आहे. औषधाचं नाव मी सर्वांत शेवटी विचारते. तेव्हा काही उत्तरं थोडी तिखट वाटली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, कुंडीतलं जास्वंद बरेच दिवस मलूल आहे. दुपारी पानं लोंबतात म्हणून रोज दोनदा पाणी देते. पानं पिवळी पडून गळायला लागल्यावर मातीत कडुनिंबाचं तेल ओतलं, नंतर हळद टाकली. फरक नाही. दुसरं कुठलं घरगुती औषध सांगाल?

माती ओली आणि पानं तहानलेली, असं दिसलं की पाणी कमी पडतंय असं समजू नका. पाणी ओढणारी मुळंच शिल्लक राहिलेली नाहीत.

संध्याकाळी कुंडी आडवी करा, कडेला थापट्या मारा आणि मातीचा गड्डा अख्खा बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं, बोटात ताठ लागतं. कुजलेलं काळपट आणि गिळगिळीत असतं, त्याला साचलेल्या पाण्याचा आंबूस वास येतो. आता एक बारीक मूळ चिमटीत धरून हळूच ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता पांढरा दोरा उरला, तर ती मूळकूज. बहुतेक वेळा पिथियम, नाहीतर त्याचा भाऊबंद फायटॉप्थोरा.

या दोघांना सगळे बुरशी म्हणतात, मीही बोलण्याच्या ओघात म्हणते, पण ते खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. त्यांचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यातून पोहत जातात आणि मुळाचं टोक गाठतात. म्हणजे तुमचं दुपारचं पाणी जास्वंदाला कमी आणि त्यांना जास्त उपयोगी पडत होतं. तेलानं कुजलेलं मूळ परत येत नाही, आणि ते जास्त झालं तर मातीच्या कणांवर थर बसून माती पाणी नीट शोषत नाही. हळदीतलं करक्युमिन प्रयोगशाळेत काही बुरश्यांना रोखतं, हे खरं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वर भुरभुरलेली पूड वरच राहते आणि रोग खाली चालू राहतो.

करायचं ते असं. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या आणि काळी मुळं ताठ, पांढरा भाग लागेपर्यंत कापा. जाड मुळांच्या कापावर दालचिनीची पूड हलकेच लावा. तिच्यातलं सिनॅमल्डिहाइड बुरशीला मारक असतं, पण ती कोरडेपणाही आणते, म्हणून बारीक तंतुमुळांवर अजिबात नको. मुळं जितकी गेली त्या मानानं वरचा पालाही छाटा, साधारण एक तृतीयांश. जुनी माती परत वापरू नका. नव्या मिश्रणात जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) हवं, कुंडीची भोकं मोकळी हवीत आणि खाली पाण्याची थाळी नको. थोडे दिवस सावलीत ठेवा, खत देऊ नका. बोट दोन पेरं खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

निंबोळी पेंड याच वेळी आठवते लोकांना. ती उत्तम, पण ती मातीत मुरायला वेळ लागतो. बारा इंची कुंडीच्या मिश्रणात एक मूठ पेंड घालून ते ओलसर करून पंधरा दिवस आधीच ठेवून द्यावं. त्यातच ट्रायकोडर्मा मिसळला तर जोडी जमते. ट्रायकोडर्मा हा वनस्पतीचा अर्क नव्हे, ती मित्रबुरशी आहे. शेणखतावर किंवा पेंडीवर वाढते आणि रोग आणणाऱ्या बुरशीची जागा अडवते. पण जागा आधी अडवावी लागते. कूज आत शिरल्यावर टाकलेल्या ट्रायकोडर्माकडून चमत्काराची अपेक्षा नको. आणि खोडाचा मातीलगतचा भाग चोहोबाजूंनी मऊ, तपकिरी झाला असेल, तर वरच्या निरोगी फांदीची छाटकलमं करून घ्या आणि मूळ झाडाचा नाद सोडा.

मातीलगत पांढरे रेशमी धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर तो वेगळा रोग, स्क्लेरोशियम. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. झाडाबरोबर वरची माती खरवडून बाहेर टाका. खतखड्ड्यात नाही, बाहेर.

प्रश्न : पिठ्या ढेकणांवर कडुनिंबाचं तेल फवारून कंटाळलो. दुसऱ्या दिवशी किडे जिवंतच. मग निंबोळी अर्क चांगला की तेल? आणि बाटलीवर लिहिलेले पीपीएम म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी किडे जिवंत असणारच. कडुनिंबाचं मुख्य अस्त्र अझाडिरॅक्टिन, आणि ते तडकाफडकी मारत नाही. किड्याची खाण्याची इच्छा जाते आणि कात टाकण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाचं गणित बिघडतं. पिल्लू पुढच्या अवस्थेत जाऊच शकत नाही. म्हणून मेलेले किडे मोजू नका. आठवड्यानं नवी पिल्लं किती दिसतात ते मोजा. पूर्ण वाढलेल्या मादीवर परिणाम कमीच होतो.

1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं की सगळी हिरवाई फस्त झाली, कडुनिंबाची झाडं तेवढी उभी राहिली. पुढच्या संशोधनाला तिथून वेग आला आणि 1968 मध्ये अझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं. रेणू इतका गुंतागुंतीचा की प्रयोगशाळेत तो पहिल्यापासून बांधायला केंब्रिजमधल्या स्टीव्हन ले यांच्या गटाला 22 वर्षं लागली; 2007 मध्ये ते जमलं. आणि तोच रेणू पानावर उन्हात थोड्याच दिवसांत मोडतो. सकाळी दहाला फवारणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

पीपीएम म्हणजे त्या द्रावणात अझाडिरॅक्टिन दहा लाख भागांत किती भाग आहे तो आकडा. 300, 1500, 10000 अशा वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात, म्हणून शेजाऱ्याचं 'लिटरला पाच मिली' तुमच्या बाटलीला लागू होईलच असं नाही. लेबलवरचं प्रमाण पाळा. काही 'शुद्ध' तेलांमधून अझाडिरॅक्टिन आधीच काढून घेतलेलं असतं. ते तेल किड्याला झाकून गुदमरवतं, बस. तेही काम करतं, पण जिथे थेंब पडला तिथेच.

निंबोळ्या मिळत असतील तर अर्क घरीच करा. वाळवलेल्या, वर्षाच्या आतल्या, बुरशी न लागलेल्या निंबोळ्यांच्या बियांतला गर जाडसर कुटा. 50 ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा. उकळू नका, उष्णतेनं अझाडिरॅक्टिन जातं. फवारायच्या वेळी थोडा सौम्य द्रव साबण घाला आणि त्याच संध्याकाळी संपवा. पाणी जड किंवा क्षारयुक्त असेल तर दोन्हीकडून तोटा: अशा पाण्यात अझाडिरॅक्टिन लवकर मोडतं आणि साबणाचा साका होतो. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर तेच वापरा.

तेल वापरायचं तर आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग कोमट पाणी थोडं थोडं घाला. दुधाळ रंग यायला हवा. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर ते फवारू नका, पानं भाजतात. आधी दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस वाट बघा. तापलेल्या दुपारी किंवा झाड पाण्यावाचून सुकलेलं असताना तर नकोच.

आता तुमचे पिठ्या ढेकूण. त्यांच्या अंगावर मेण असतं, पाणी ओघळून जातं. म्हणून आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून, पेरांतला कापूस पुसून काढून मगच अर्क. पानाची खालची बाजू आणि फांद्यांचे सांधे विसरायचे नाहीत. दर आठवड्याला, निदान तीन-चार वेळा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त आधी करा, कारण पिठ्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या पिठ्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात.

प्रश्न : लसूण-मिरची उकळून गाळून ठेवते. महिनाभर पुरते. काही वेळा उपयोग होतो, काही वेळा नाही. का?

उकळता म्हणून. अख्ख्या पाकळीत लसणातलं कामाचं द्रव्य अ‍ॅलिसिन नसतंच. पाकळी चिरडली की एक विकर (एन्झाइम) पाकळीतल्या अ‍ॅलिइनवर काम करतं आणि तेव्हा ते तयार होतं. आधी उकळलं तर विकरच मरतं. चिरडून दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग गार पाण्यात भिजवा, गाळा आणि त्याच दिवशी फवारा. अ‍ॅलिसिन अस्थिर आहे, महिनाभर बाटलीत राहत नाही. जो काही उपयोग तुम्हाला दिसला तो मिरचीच्या तिखटपणाचा असावा, ते उकळूनही टिकतं. पण तिखटानं कीड फार तर दूर राहते. वारा येतो त्या बाजूला तोंड करून फवारू नका, एवढंच सांगते.

प्रश्न : तंबाखूचं पाणी मावा या किडीवर रामबाण आहे असं ऐकलं. वनस्पतीचंच असल्यामुळे मुलांना, पाळीव प्राण्यांना त्रास नसेल ना?

असतो. 'वनस्पतीचंच' या शब्दावर माझा राग आहे, तो आज काढून घेते.

निकोटिन हे जालीम विष आहे आणि ते त्वचेतून शरीरात जातं. तंबाखूची ओली पानं हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर येते ती याच कारणानं. घरात कढवलेल्या पाण्यात निकोटिन किती उतरलं हे कोणालाच माहीत नसतं. शिवाय तंबाखूच्या वाळलेल्या पानांत टोबॅको मोझॅक विषाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतो. ते पाणी टोमॅटो-मिरचीवर फवारलं की मावा गेला तरी विषाणू मागे राहू शकतो, आणि त्याच्यावर औषध नाही.

तंबाखू एकटी नाही. डेरिस वेलीच्या मुळांतलं रोटेनोन एकेकाळी बागकाम करणाऱ्यांचं लाडकं होतं. मासे त्यानं पटापट मरतात, आणि 2000 साली उंदरांवरच्या प्रयोगात त्यानं पार्किन्सनसारखी लक्षणं निर्माण झालेली दिसली. सीताफळाच्या बियांची पूड किड्यांना मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते. कुटताना उडणारी धूळ पुरेशी असते. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांचा अर्क माणसाला त्यामानानं सौम्य, पण माशांना आणि मधमाश्यांना नाही.

माव्यासाठी यातलं काहीच लागत नाही. मऊ अंगाचा किडा आहे तो. पाण्याचा जोरदार फवारा, दोन दिवसांनी साबणाचं पातळ पाणी, इतकं पुरतं. साबण खरा हवा. कपड्यांचा डिटर्जंट पानावरचं मेण धुऊन काढतो आणि पानं करपतात.

प्रश्न : वांगी उपटली तर मुळांवर गाठीच गाठी. शेंगवर्गीय पिकांना असतात तशा चांगल्या गाठी असतील का? नसतील तर झेंडू लावू का?

शेंगवर्गीय झाडाची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, नखानं सहज सुटते, आणि फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं. ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. वांग्याला चांगल्या गाठी येतच नाहीत. तुमच्या मुळांत सूत्रकृमी आहेत.

गाठीच्या आत मादी बसलेली असते आणि ती शेकड्यांनी अंडी घालते. उबदार मातीत महिन्याभरात नवी पिढी तयार. म्हणून काढलेली मुळं तिथेच पडू देऊ नका. पीक संपल्यावर बुंधे खोदून, होतील तितकी बारीक मुळंही गोळा करून नष्ट करा. हे कंटाळवाणं काम कुठल्याही अर्कापेक्षा जास्त फळ देतं.

झेंडू जरूर, पण बांधावर हौसेनं लावलेली चार रोपं काही करत नाहीत. झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायनिल हे द्रव्य असतं आणि सूत्रकृमी मुळात शिरला की त्याला ते भोवतं. म्हणजे सगळी माती झेंडूच्या मुळांनी भरली पाहिजे. त्या वाफ्यात दुसरं काही न लावता झेंडू दाट पेरा, निदान दोन-अडीच महिने ठेवा, मग चिरून मातीत गाडा. मधलं तण काढत राहा, नाहीतर सूत्रकृमी तणावर जगतात. बुटका, बारीक फुलांचा झेंडू या कामाला जास्त नावाजलेला. एक कटकट सांगून ठेवते: कोरड्या हवेत झेंडूवर लाल कोळी हटकून येतो, पानाखाली बारीक जाळी दिसतात का बघत चला.

दुसरा मार्ग मोहरीचा. मोहरीच्या पेशी फुटल्या की तिखट वासाचं आयसोथायोसायनेट तयार होतं, डोळ्यांत पाणी आणणारं तेच. फुलोरा सुरू होताना पीक कापा, शक्य तितकं बारीक करा आणि लगेच ओल्या मातीत मिसळून वर प्लास्टिक ओढा. 'लगेच' शब्द महत्त्वाचा. सकाळी कापून संध्याकाळी गाडलं तर वायू हवेत गेलेला असतो. तीन आठवड्यांनी प्लास्टिक काढा, माती हलवा आणि मुळ्याचं थोडं बी टाकून बघा. ते नीट उगवलं तरच पुढचं रोप लावा, कारण हा वायू रोपांच्या मुळांनाही सोडत नाही. मोहरी उगाच जास्त दिवस उभीही ठेवू नका, गाठीवाले सूत्रकृमी तिच्यावरही पोसतात.

दोन्हींनी संख्या कमी होते, नायनाट होत नाही. म्हणून पुढच्या हंगामात तिथे वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी नको, कांदा-लसूण चालेल. कुंडी असेल तर इतका खटाटोप कशाला, माती बदला.

प्रश्न : टोमॅटोचं झाड काल हिरवंगार होतं, आज अख्खं कोमेजलं. पान एकही पिवळं नाही. मुळंही फार कुजलेली नाहीत. निंबोळी पेंड घालू का?

बुंध्याजवळचा वीतभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं टोक बुडवून धरा. हलवू नका. चार-पाच मिनिटांत कापातून पांढरट, दुधी धागा खाली उतरताना दिसला, तर जिवाणूजन्य मर आहे, राल्स्टोनिया. धागा म्हणजे खोडाच्या नळ्यांत तुंबलेले जिवाणू.

यावर पेंड, अर्क, तेल काहीही लागू पडत नाही, आणि पडतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. झाड मातीच्या गड्ड्यासह काढून बंद पिशवीत घाला. हत्यारं आणि चपला धुवा, त्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वाहू देऊ नका. पुढची काही वर्षं तिथे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावू नका.

धागा उतरलाच नाही, खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या आणि कोमेजणं एका बाजूनं सुरू झालेलं असलं, तर फ्युजेरियम या बुरशीची मर. ती सावकाश येते. उभं झाड तिच्यातूनही वाचत नाही, पण तिथे पुढच्या लागवडीला पेंड आणि ट्रायकोडर्माचा उपयोग होतो, आणि मर सहन करणाऱ्या जातीही मिळतात.

प्रश्न : कुंड्यांभोवती चिलटांसारख्या काळ्या माश्या उडतात. झाडाला धोका?

मोठ्या झाडाला फारसा नाही, रोपांना आहे. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत बारीक मुळं कुरतडतात. बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन दिवसांनी उलटून बघा, खाली काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसतील. वरची दोन पेरं माती कोरडी होऊ द्यायची, पिवळे चिकट कागद लावायचे. त्यानंतरही उरल्या तर अझाडिरॅक्टिनचं द्रावण मातीत, लेबलप्रमाणे. सगळ्या कुंड्यांना एकाच वेळी.

प्रश्न : फोटो पाठवतेय. पिठ्या ढेकणांमध्येच हा मोठा, लांब पांढऱ्या झालरींचा, भराभर पळणारा पिठ्या दिसला. अर्क फवारूनही जात नाही. काय करू?

फवारणी थांबवा! तो पिठ्या नाही. क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची ती अळी आहे. अंगावर पिठ्यासारखंच मेण घेऊन ती त्यांच्यातच वावरते आणि त्यांची अंडी-पिल्लं खाते. मूळची ऑस्ट्रेलियाची ही जात पिठ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी जगभर मुद्दाम सोडली गेली आहे. पिठ्या सहसा जागचा हलत नाही, ही अळी काडीनं डिवचली की पळते, ओळख एवढीच. मुंग्या तेवढ्या दूर ठेवा आणि पंधरा दिवस त्या फांदीला हात लावू नका.